होम थिएटरचा आवाज बसका येतोय? नवं काही घ्यायच्या आधी हे तपासा

घरात होम थिएटर लावलंय, पाच स्पीकर आहेत, सबवूफर आहे, आणि तरी आवाज दबल्यासारखा येतो, व्हॉल्यूम अर्ध्याच्या पुढं नेला तरी बोलणं कळत नाही आणि मारामारी सुरू झाली की एकदम रिमोट शोधायची पळापळ. ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय आणि स्वतःही भोगलीय की आता एकदाचं सगळं सविस्तर लिहून ठेवतो. थोडं लांबेल, पण घाई करू नका, कारण यात एक गोष्ट बदलायची, ऐकायचं, मग दुसरी बदलायची असंच करावं लागतं, चार सेटिंग एकदम फिरवली तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही.

मी स्वतः काय चूक केली ते आधी सांगतो. माझ्या जुन्या ५० वॅटच्या अँपचा, म्हणजे स्पीकरना ताकद देणाऱ्या अँप्लिफायरचा, आवाज कमी वाटायचा म्हणून मी १०० वॅटचा आणला, दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज असं डोक्यात पक्कं होतं. लावला, चालू केला, आणि फरक जेमतेम. नंतर समजलं की वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि आपल्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात, म्हणजे दहापट वॅट. खरं कारण तर भलतंच निघालं. टीव्हीच्या हेडफोनच्या पिनमधून वायर काढली होती आणि टीव्हीचा स्वतःचा व्हॉल्यूम ३० वर होता, त्यामुळे अँपला मिळत होता तो सिग्नलच मुळात अशक्त. टीव्ही ८५ वर नेला आणि जुना अँपसुद्धा घर भरून वाजला. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की बसक्या आवाजाचं मूळ अँपमध्ये क्वचितच असतं, आवाज वाटेत कुठंतरी अडलेला असतो किंवा गळत असतो, आणि ती जागा शोधायला खर्च लागत नाही, फक्त क्रमानं जावं लागतं.

आधी ठरवा, नेमकं काय कमी आहे

"आवाज कमी येतो" हे एकच वाक्य वाटतं पण त्यात वेगवेगळी दुखणी असतात. सगळंच हळू येतंय का? की संगीत आणि स्फोट जोरात पण माणसांचं बोलणं दबलेलं? की एकाच बाजूचा स्पीकर कमी वाजतोय? की आवाज मोठा आहे पण पोकळ, खालचा बेस गायब? प्रत्येकाची कारणं वेगळी, म्हणून पाच मिनिटं नीट बसून ऐका. ओळखीची एकच क्लिप घ्या, ज्यात बोलणंही आहे आणि संगीतही, आणि शेवटपर्यंत तीच वापरा.

मग टेस्ट टोन लावा. रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर जिथं जोडतात त्या मुख्य डब्याच्या, स्पीकर सेटअपमध्ये तो असतोच आणि बऱ्याच साध्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सिस्टीमच्या रिमोटवरही टेस्ट नावाचं बटण असतं. तो दाबला की एकेका स्पीकरमधून पावसासारखा शूऽऽ असा आवाज फिरत येतो. हा आवाज रिसीव्हरच्या आतच तयार होतो, टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, केबलचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणजे टेस्ट टोन सगळ्या स्पीकरमधून दणदणीत येत असेल तर अँप, वायरी आणि स्पीकर ठीक आहेत, दोष मागे आहे, सोर्समध्ये नाहीतर सेटिंगमध्ये. आणि टोनच बारीक येत असेल तर दोष पुढं आहे, अँप ते स्पीकर या वाटेवर. या एका चाचणीनं निम्मं काम संपतं, तरी बहुतेक लोक ती न करताच स्पीकर उलटेपालटे करायला लागतात.

टेस्ट टोनची सोय नसेल तर फोन वायरनं थेट सिस्टीमच्या ऑक्स नावाच्या पिनेत लावा, फोनचा व्हॉल्यूम पूर्ण करा आणि गाणं वाजवा. फोनवर जोरात आणि टीव्हीवर हळू असं झालं तर उत्तर मिळालंच.

टीव्हीपासून सिस्टीमपर्यंतची वाट

आपण एकच रिमोट दाबतो, पण वाटेत व्हॉल्यूमचे तीन-तीन, चार-चार नळ असतात आणि सगळ्यात बारीक सुटलेला नळ शेवटचा आवाज ठरवतो. सेट टॉप बॉक्सचा व्हॉल्यूम टीव्हीपेक्षा वेगळा असतो, कुणीतरी कधीतरी बॉक्सच्या रिमोटनं तो कमी केलेला असतो आणि नंतर सगळे टीव्हीच्या किंवा होम थिएटरच्या रिमोटनं भरपाई करत बसतात. बॉक्सचा पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळ ठेवा आणि विसरून जा. अ‍ॅपमध्येही स्वतःचा व्हॉल्यूम असू शकतो. ब्लूटूथवर तर फोनचा वेगळा, सिस्टीमचा वेगळा, दोन्ही बघायचे.

कॉम्प्युटर जोडलेला असेल तर विंडोजच्या साउंडच्या जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, तिथं कॉल चालू असताना बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय आधीपासून निवडलेला असतो, तो काढून काही करू नका असा पर्याय ठेवा. मागं एखादं कॉलचं अ‍ॅप उघडं राहिलं की सिनेमाचा आवाज खाली जातो आणि माणूस स्पीकरला दोष देत बसतो. त्याच खिडकीत स्पीकर किती आहेत तेही सांगावं लागतं. घरात दोनच स्पीकर आणि विंडोजला वाटतंय ५.१ आहे, तर बोलणं अशा सेंटर स्पीकरकडं पाठवलं जातं जो नाहीच, आणि तुम्हाला फक्त मागचं संगीत ऐकू येतं.

हेडफोनच्या पिनमधून वायर काढली असेल तर टीव्हीचा व्हॉल्यूम ८० ते ९० टक्क्यांवर ठेवून रोजचा कमीजास्त आवाज होम थिएटरवरून करा. अगदी १०० वर काही टीव्हींचा आवाज फाटतो म्हणून थोडं खाली. उलटं केलं, म्हणजे टीव्ही कमी आणि अँप जास्त, तर आवाजाबरोबर मागची खरखरही वाढते. काही टीव्हींमध्ये ऑडिओ आउट फिक्स्ड की व्हेरिएबल असं विचारतात, तिथं फिक्स्ड केलं की टीव्हीच्या व्हॉल्यूमचा संबंधच तुटतो.

जमत असेल तर मात्र ही पिन सोडा आणि एचडीएमआय एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनंच सिस्टीमकडं परत पाठवायची सोय, वापरा. टीव्हीच्या मागं सगळे एचडीएमआय पोर्ट सारखेच दिसतात पण एआरसी बहुधा एकाच पोर्टवर असतं आणि त्याच्याशेजारी तसं लिहिलेलं असतं, केबल दुसऱ्याच पोर्टमध्ये असेल तर टीव्हीचा आवाज परत येणारच नाही. टीव्हीच्या मेन्यूत साउंड आउटपुट एआरसी किंवा रिसीव्हर करा, सीईसी (एचडीएमआयनं जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू करा, प्रत्येक कंपनी सीईसीला स्वतःचं वेगळं नाव देते त्यामुळे शोधावं लागतं. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलं आणि त्यातून दाबलेला म्हणजे कॉम्प्रेस केलेला ५.१ किंवा साधा दोन चॅनलचा, न दाबलेला आवाज म्हणजे पीसीएम जातो. ईएआरसी २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधलं, त्यातून न दाबलेला मल्टिचॅनल आवाजही जातो. ऑप्टिकल केबलची क्षमता साधारण एआरसीसारखीच.

आता पीसीएम की बिटस्ट्रीम, म्हणजे दाबलेला आवाज न उलगडता तसाच सिस्टीमकडं पाठवायचा. टीव्ही पीसीएमवर ठेवला आणि जोडणी एआरसीची किंवा ऑप्टिकलची असली की पाच चॅनलचे दोन होऊन जातात, मागचे स्पीकर गप्प बसतात किंवा रिसीव्हर अंदाजानं त्यांना काहीतरी देतो. तुमच्या सिस्टीमवर डॉल्बी किंवा डीटीएस डिकोडर (असा दाबलेला आवाज उलगडणारा) असेल तर टीव्हीत ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू ठेवा. डिकोडर नसेल, साधे अ‍ॅनालॉग पिनवाले स्पीकर असतील, तर पीसीएमच ठेवा, नाहीतर आवाज येणारच नाही किंवा नुसती खरखर येईल.

आणि ज्यांच्याकडं सहा पिनांची साधी ५.१ सिस्टीम आहे त्यांनी हे बघा. त्या सहा पिना म्हणजे समोरचे दोन, मागचे दोन, सेंटर आणि सबवूफर. टीव्हीतून निघतात दोनच, लाल आणि पांढरी. मग ५.१ मोड लावला तर बाकीच्या चार पिनांवर काहीच येत नाही आणि सेंटर व मागचे स्पीकर मुके राहतात. प्रो लॉजिक किंवा ऑल चॅनल स्टीरिओ अशा नावाचा मोड असेल तर तो लावा, दोन चॅनलमधून सगळीकडं आवाज पसरतो.

सिनेमा हळू वाटतो आणि बातम्या जोरात, असं का

इथं खरं तर बिघाड नसतोच. सिनेमाचा आवाज मुद्दाम मोकळी जागा ठेवून मिक्स केलेला असतो. सिनेमाच्या थिएटरसाठी ठरलेल्या पातळीवर प्रत्येक चॅनलचा सरासरी संदर्भ ८५ डेसिबल आणि त्याच्या वर २० डेसिबल राखीव, म्हणजे एखादा धमाका १०५ पर्यंत जाऊ शकतो, आणि बेसच्या वेगळ्या चॅनलला तर ११५ पर्यंत वाव असतो. त्या धमाक्याला जागा मिळावी म्हणून बोलणं बरंच खाली ठेवलेलं असतं. टीव्हीवरच्या जाहिराती आणि बातम्यांमध्ये हे अंतर फारच कमी, सगळं वरच्या पट्टीत चेपलेलं, म्हणून ते जोरात वाटतात. शिवाय डॉल्बीच्या ट्रॅकमध्ये बोलण्याची पातळी सांगणारा एक आकडा असतो आणि डिकोडर त्यानुसार आवाज खाली आणतो, त्यामुळे तोच कार्यक्रम स्टीरिओ पीसीएमवर मोठा आणि डॉल्बीवर हळू वाटू शकतो.

म्हणून रिसीव्हरवर वजा २० किंवा वजा १५ दिसलं तर घाबरू नका. बऱ्याच जणांना वाटतं शून्याच्या इतकं जवळ गेलो म्हणजे अँप जळेल. तो ० म्हणजे अँपचा शेवट नाही, नीट कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे आवाज मोजून स्पीकर जुळवलेल्या, सिस्टीमवर ० म्हणजे तीच सिनेमाची संदर्भ पातळी. काही रिसीव्हरवर ० ते ९८ अशी पट्टी असते आणि त्यात ८० म्हणजे ही पातळी. घरात एवढं कुणी लावत नाही, पण ५५-६० वर सिनेमा बघणं अगदी नॉर्मल आहे.

बोलणं आणि धमाका यातलं अंतरच नको असेल तर नाइट मोड, डीआरसी, डायनॅमिक व्हॉल्यूम यापैकी जे नाव तुमच्याकडं असेल ते चालू करा. मोठे आवाज खाली येतात, बारीक वर येतात. रात्री, लहान मूल झोपलेलं असताना, शेजारी भिंतीला भिंत असताना मी हे बिनधास्त वापरा म्हणेन. दिवसा मात्र बंद करा, कारण त्यानं सिनेमातला जीव जातो, कुजबूज आणि गडगडाट एकाच मापात येतात. ऑनलाइन बघताना ऑडिओच्या यादीत ५.१ ऐवजी स्टीरिओ ट्रॅक निवडून बघा, दोनच स्पीकर असणाऱ्यांना त्यानं लगेच फरक जाणवतो.

बोलणं कळत नाही, यासाठी सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या आईनं सिनेमा बघणं जवळजवळ सोडलं होतं. "काय म्हणाला तो?" असं दर दोन मिनिटांनी विचारायची, मग विचारायचंही बंद केलं आणि उठून आत जायला लागली. मला ते फार लागलं. तिचं वय झालंय, ऐकू कमी येतं, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात हे खरंच आहे, आणि स, श, फ, त, क अशी व्यंजनं नेमकी त्या वरच्या पट्टीत असतात, ती गेली की आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. पण सेंटर स्पीकर कुठं ठेवला होता ते बघितल्यावर कळलं की आम्हीच तिच्यापर्यंत ती व्यंजनं पोचू देत नव्हतो.

५.१ मध्ये बोलणं जवळजवळ सगळं सेंटर स्पीकरमधून येतं. आमचा सेंटर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, आत सरकवून, गुडघ्याच्या उंचीवर होता. कप्प्यात आवाज घुमतो, पुढच्या फळीवर आदळतो, आणि वरची पट्टी तर जिकडं तोंड तिकडंच सरळ जाते, म्हणजे आमच्या पायांकडं. मी तो फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढं ओढला, पुढच्या बाजूखाली रबराचे दोन तुकडे ठेवून तोंड वर, कानाच्या दिशेनं केलं, आणि रिसीव्हरमध्ये सेंटरची लेव्हल ३ डेसिबलनं वाढवली. मास्टर व्हॉल्यूमला हातही लावला नाही. त्या रात्री आई शेवटपर्यंत बसली.

तर करायचं हेच. सेंटरच्या पुढं काही नको, शोभेची वस्तू, फोटो, जाळीचं दार, काहीही नको. तोंड बसणाऱ्याच्या कानाकडं. लेव्हल आधी २, मग ३, फार तर ४ डेसिबल वाढवा, त्याच्या पुढं गेलात तर बोलणं पडद्यापासून वेगळं, कुणीतरी मध्येच ओरडल्यासारखं वाटायला लागतं. सबवूफर थोडा कमी करून बघा, कारण खालची घरघर बोलण्याला झाकून टाकते. टोनमध्ये बेस कमी आणि ट्रेबल जरासा जास्त हेही चालतं. साउंडबार असेल तर क्लिअर व्हॉइस किंवा डायलॉग अशा नावाचं सेटिंग असतं ते लावा, आणि साउंडबार टीव्हीच्या स्टँडमागं लपवू नका.

सेंटर स्पीकर नसेलच, किंवा खराब होऊन काढून ठेवला असेल, तर रिसीव्हरला ते सांगावं लागतं. स्पीकर सेटअपमध्ये सेंटर नन किंवा नो करा. मग तो बोलणं डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटून देतो आणि ते मधोमध ऐकू येतं. हे एक सेटिंग राहिलं म्हणून सिस्टीम महिनोन् महिने मुकी वाटत राहते, मी हे दोन घरांत पाहिलंय.

खोलीचाही हात असतो. उघड्या भिंती, फरशी, मोठ्या काचा असतील तर शब्द एकमेकांवर चढतात. टाळी वाजवा, मागं टणक झंकार आला तर पडदा, गालिचा, पुस्तकांचं कपाट, गादीचा सोफा यांनी फरक पडतो. यानं डेसिबल वाढत नाहीत, पण शब्द सुटे होतात.

टेस्ट टोनच बारीक येत असेल तर

आधी सिस्टीम बंद करा आणि प्लग काढा, मगच वायरींना हात. प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांना बघा, तारेचे केस सुटून शेजारच्या टर्मिनलला चिकटलेत का, वायरचं प्लॅस्टिकच क्लिपमध्ये अडकलंय आणि तांबं बाहेर राहिलंय का, तांबं काळं-हिरवं पडलंय का. काळं पडलं असेल तर तेवढं कापून नव्यानं सोला, केस घट्ट पिळा आणि परत लावा.

मग लाल-काळं. अँपचं लाल स्पीकरच्या लालवर, काळं काळ्यावर, सगळीकडं. एका स्पीकरचं उलटं लागलं तर दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात, एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, आणि बेस हवेतच कापला जातो. ओळखायचं कसं? एका माणसाचं बोलणं दोन समोरच्या स्पीकरवर लावा. ते मधोमध, टीव्हीतून आल्यासारखं वाटलं पाहिजे. डोक्याभोवती पसरल्यासारखं, कुठून येतंय ते न कळणारं वाटलं तर एका स्पीकरची वायर फक्त एका टोकाला उलटून बघा. बेस एकदम भरून आला तर चोर सापडला.

वायर किती जाड? ४-५ मीटरसाठी १६ गेज पुरते, १०-१२ मीटरच्या पुढं १४ किंवा १२ घ्या. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. केसांसारख्या बारीक वायरी लांबवर ओढल्या असतील तर थोडा आवाज त्यात जातो, पण महागड्या वायरीनं बसका आवाज मोठा होतो हे मात्र खरं नाही, तो खर्च करू नका.

एकच स्पीकर कमी वाजतोय तर डाव्या-उजव्याची अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर, त्याच बाजूला राहिला तर अँप किंवा वायर. साध्या स्पीकरची वायर काढून मल्टिमीटर ओहमवर लावा, ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.६ च्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर कॉइल उडालीय. जाळी काढून वूफरच्या (खालच्या पट्टीच्या मोठ्या गोल स्पीकरच्या) कडेचा फोमही बघा, जुना झाला की बोट लावताच भुगा होतो, आणि ट्विटरला (वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरला) कान लावा, तो मेला असेल तर आवाज घोंगडीतून आल्यासारखाच येणार. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर होऊन एक बाजू जात-येत असेल तर आत धूळ किंवा गंज आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरनं सुटतं. आवाज वाढवल्यावर बंद बाजू एकदम चालू होत असेल तर बहुधा रिलेचे (आतल्या आपोआप चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट खराब झालेत. अँप उघडायचं काम मात्र जाणकारालाच द्या, आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतात आणि झटका जबर बसतो.

रिसीव्हरच्या मेन्यूत लपलेली तीन सेटिंग आवर्जून बघा. इको मोड ऑन असेल तर ऑफ करून ऐका. मॅक्स व्हॉल्यूम किंवा लिमिट कुणी घातलीय का बघा. आणि इम्पीडन्सचा (स्पीकर किती ओहमचे ते सांगायचा) खटका ४ ओहमवर असेल आणि तुमचे स्पीकर ८ ओहमचे असतील तर तो ८ वर आणा, कारण ४ वर अनेक रिसीव्हर आतला व्होल्टेजच कमी करतात आणि अँप हातपाय बांधल्यासारखा वाजतो.

बेस नाही, आवाज पोकळ

लाल-काळं तपासलंत, आता सबवूफर. त्याच्या पाठीवरचा गेन, म्हणजे त्याचा स्वतःचा व्हॉल्यूम, मधोमध ठेवा. रिसीव्हरला जोडलेला असेल तर सबवरचा लो पास नॉब (ठरावीक पट्टीच्या वरचे आवाज कापणारा) पूर्ण वर किंवा एलएफईवर (बेसच्या वेगळ्या चॅनलवर) न्या, नाहीतर रिसीव्हरही कापतो आणि सबही कापतो. छोट्या स्पीकरना सेटिंगमध्ये स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडं जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा, म्हणजे त्यांना न झेपणारा बेस सबकडं जातो आणि ते मोकळे होऊन स्पष्ट वाजतात. लार्ज म्हणजे जास्त आवाज असं नाही. फेजचा खटका ० आणि १८० दोन्हीकडं फिरवून बघा, जिथं बेस जास्त भरतो तिथं ठेवा. हळू आवाजात सब झोपून जात असेल तर ऑटो काढून ऑन करा.

जागा मात्र सगळ्यात महत्त्वाची. बेसच्या लाटा लांब असतात, ८० हर्ट्झची लाट ४ मीटरहून जास्त, त्या भिंतींवरून परतून एकमेकींना कुठं वाढवतात तर कुठं मारतात. तुमचा सोफा नेमका मारलेल्या जागी असेल तर सबचा गेन कितीही वाढवा, शेजारी थरथरतील आणि तुम्हाला काही नाही. उपाय असा की सब उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेसवालं गाणं लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेनं, खाली वाकून किंवा रांगत फिरा. जिथं बेस भरदार आणि एकसारखा लागेल ती सबची जागा. विचित्र दिसतं पण दहा मिनिटांत होतं आणि याच्याइतका फरक कुठलंही बटण देत नाही. कोपऱ्यात बेस सगळ्यात जास्त वाढतो, कधी कधी घुमण्याइतका, तेव्हा हातभर बाहेर ओढा.

शेवटी कॅलिब्रेशन

रिसीव्हरबरोबर माइक आला असेल तर जागा नक्की झाल्यावरच तो वापरा, आधी नाही. पंखा, एसी बंद, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला, हातात धरू नका आणि सोफ्याच्या पाठीवर आडवा टाकू नका. झाल्यावर आकडे बघा. एखाद्या स्पीकरला त्यानं अगदी टोकापर्यंत वाढवलं असेल तर तिथं वायर, जागा किंवा स्पीकर यात गडबड आहे, परत मागं जा. माइक नसेल तर फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घ्या, टेस्ट टोन लावा आणि बसायच्या जागी सगळे स्पीकर सारख्या आकड्यावर आणा, रिसीव्हरच्या टोनसाठी ७५ डेसिबल ही नेहमीची पातळी. फोनचा आकडा अचूक नसतो, पण स्पीकरांची आपसात तुलना करायला चालतो. सेंटरचे ते २-३ डेसिबल यानंतर वाढवायचे, कारण कॅलिब्रेशन ते पुसून टाकतं.

एवढं सगळं झालं आणि तरी खरंच कमी पडतंय असं वाटलं तर आधी अंतर कमी करा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात, बंद खोलीत थोडे कमी, पण मिळतात, आणि ६ डेसिबल म्हणजे चौपट वॅटची बरोबरी. सोफा पुढं ओढता येत असेल तर ओढा. त्यानंतर स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठा वाजतो, ते बघा. ८४ डेसिबलवाल्या स्पीकरऐवजी ९० वाला लावला तर तोच अँप चौपट ताकदीचा असल्यासारखा वाजतो. अँप बदलायची पाळी याच्याही नंतर, आणि तेव्हाही आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) वॅट वाचा, खोक्यावरचा मोठा, फुगवलेला पीएमपीओ आकडा नाही.

वाढवताना आवाज फाटायला लागला की लगेच खाली या, फाटलेल्या आवाजात सगळ्यात आधी ट्विटरची कॉइल जाते. कानांचंही बघा, ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ ला एकच तास.

सगळं जमलं की रिसीव्हरच्या आणि टीव्हीच्या प्रत्येक सेटिंगच्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा, सबवूफरच्या पाठीवरच्या नॉबचाही. टीव्हीचं अपडेट आलं की साउंड आउटपुट कधी कधी परत टीव्ही स्पीकर किंवा पीसीएमवर जातं, आणि तेव्हा फोटो बघून दोन मिनिटांत सगळं जागेवर आणता येतं.